सहा किल्ल्या, चार सह्या, तरी तिजोरी रिकामी: गुपित वाटायचं गणित

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघात आलेले 'म्हणजे' आणि 'काय की' बरेच काढले आहेत. आकडेमोड मात्र सगळी ठेवली आहे, ती ऐकण्यापेक्षा कागदावर बघितलेली बरी.)

खामगावातून बोलतोय. बाहेर ऊन मरणाचं आहे आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केलाय, त्यामुळे आज मी जरा घाईत वाटलो तर समजून घ्या.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजच्या एका पाकिटातून २३ कोटी डॉलरहून जास्त रक्कम गेली. रुपयात धरलं तर एकोणीसशे ते दोन हजार कोटी. लोकांचे पैसे अडकले, काढता येईनात, आणि कामकाज पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. त्या पाकिटाला सही करणारे सहा जण होते. पाच वझीरएक्सचे आणि एक लिमिनल नावाच्या, पाकिटं सांभाळून देणाऱ्या कंपनीचा. पैसा हलवायचा तर वझीरएक्सच्या तिघांची आणि शेवटी लिमिनलची, अशा चार सह्या लागत. तर एका श्रोत्याने विचारलं, "भाऊ, चार जणांच्या सह्या लागत होत्या, मग चोराला चौघंच्या चौघं गाठता आले का?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी मुळात गुपित चार जणांत वाटायचं म्हणजे काय हे बघावं लागेल, कारण 'वाटणं' या शब्दातच गोम आहे.

गुपिताला दोन भीती असतात. एक, ते हरवेल. दोन, ते फुटेल. आणि या दोघींचं एकमेकींशी पटत नाही. हरवू नये म्हणून पाच जणांना सांगितलं, की फुटायच्या जागा पाच झाल्या. फुटू नये म्हणून एकालाच सांगितलं, की तो गेला तर गुपितही गेलं. बँकेच्या शाखेत रोकड ठेवायची तिजोरी असते, तिला दोन किल्ल्या लागतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. एकट्याला उघडता येत नाही, ही झाली चोरीवरची तोड. पण दोघांपैकी एकाची किल्ली हरवली तरी तिजोरी बंदच. म्हणजे फुटायची भीती कमी केली आणि हरवायची वाढवली.

आता किल्लीच्या जागी आकडा घ्या. समजा ४७३१ हा आकडा दोघांत वाटायचाय. सगळ्यात आधी डोक्यात काय येतं? एकाला ४७ द्या, दुसऱ्याला ३१. हे चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते नीट बघा. बाहेरच्या माणसाला दहा हजार आकडे लावून बघावे लागतील. पण ज्याच्याकडे ४७ आहे त्याला फक्त शंभर. आपण खामगावकर चांदीची माणसं, तर चांदीवरच बोलू. लगड मधोमध कापली तर अर्धी चांदी हातात येते. गुपिताचं तसं व्हायला नको. एक तुकडा हातात आला तरी गुपित पाव नाही, छटाक नाही, शून्य हातात यायला हवं.

असं होतं का? होतं, आणि चौथीच्या गणितात होतं. पहिल्याला द्यायला एक आकडा डोळे मिटून काढा, फासे टाकून काढा. समजा ९०५८ आला. आता दुसऱ्याला असा आकडा द्या की दोघांची बेरीज, हातचा सोडून, ४७३१ यावी. तो येतो ५७८३. करून बघा: ८ आणि ३ अकरा, हातचा सोडला, १. ५ आणि ८ तेरा, ३. शून्य आणि ७, ७. ९ आणि ५ चौदा, ४. झाले ४७३१. पहिल्याकडे जे आहे ते फाशांनी काढलेलं, त्याचा गुपिताशी संबंधच नाही. आणि दुसऱ्याच्या ५७८३ मध्ये कुठलंही गुपित लपलेलं असू शकतं, कारण पहिल्याचा आकडा काहीही असू शकतो. दोघंही एकटे असताना रस्त्यावरच्या माणसाइतकेच अडाणी.

ही पोथीतली गोष्ट नाही बरं का. एटीएमचं यंत्र बँकेशी गुप्त भाषेत बोलतं, त्यासाठी त्याच्यात एक मूळ किल्ली भरावी लागते. ती भरायची जुनी पद्धत अशीच: दोन माणसं, दोघांकडे वेगवेगळ्या पाकिटात एकेक आकडा, दोघांनी पाळीपाळीने टाइप करायचा, आणि जोडणी पिन टाकायच्या त्या कीपॅडच्या आत. जोडलेली किल्ली दोघांपैकी कुणीच बघत नाही. आता बऱ्याच ठिकाणी हे काम दुरून होतं, पण 'जोडणी कीपॅडच्या आत' हा तुकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तरी हरवायची भीती राहिलीच. दोनातला एक कागद भिजला की संपलं. आपल्याला हवंय असं, की हिस्से तीन असावेत आणि त्यातले कुठलेही दोन पुरावेत. ग्रामसभेला जशी गणपूर्ती लागते तशी. अमुकच माणूस हवा असं नाही, इतकी डोकी हवीत.

इथे गवंडी बोलवू. घराचा पाया आखताना तो दोन खुंट्या ठोकतो आणि दोरी ताणतो. दोन खुंट्यांतून सरळ दोरी एकच जाते. ती वाढवत नेली की कुंपणाच्या भिंतीला कुठे टेकणार हेही ठरून गेलं. पण खुंटी एकच असेल तर? दोरी कुठल्याही दिशेला ताणा, भिंतीला कुठेही टेकवा. एक खुंटी भिंतीबद्दल काहीच सांगत नाही. आता गुपित म्हणजे दोरी भिंतीला टेकते ती जागा. त्या दोरीवर तीन खुंट्या ठोका आणि तिघांना एकेक द्या. कुठल्याही दोघांनी आपापल्या खुंट्या आणल्या की दोरी ताणता येते, भिंतीवरची जागा सापडते. एकट्याला नाही. संपली कल्पना. बाकी सगळी आकडेमोड.

आकडेमोड करूच. गुपित घेऊ ४२. घरातली तीन माणसं: आई क्रमांक १, मुलगा २, मुलगी ३. दोरीचा उतार फाशांनी काढला, आला ७१. प्रत्येकाचा हिस्सा म्हणजे गुपित अधिक उतार गुणिले त्याचा क्रमांक. फक्त एक अट: ही सगळी बेरीज ९७ तासांच्या घड्याळावर करायची. आपलं घड्याळ बारानंतर पुन्हा एकवर येतं, हे ९७ ला पुन्हा शून्यावर येतं.

आई: ४२ + ७१ = ११३, त्यातून ९७ गेले, १६.
मुलगा: ४२ + १४२ = १८४, त्यातून ९७ गेले, ८७.
मुलगी: ४२ + २१३ = २५५, त्यातून दोनदा ९७ गेले, ६१.

तीन चिठ्ठ्या झाल्या. ४२ आणि ७१ दोन्ही कागद जाळून टाका. आता आई आणि मुलगा भेटले. आईचा हिस्सा दुप्पट करा, त्यातून मुलाचा वजा करा: ३२ वजा ८७, म्हणजे उणे ५५. घड्याळावर ९७ मिळवा, ४२. मुलगा आणि मुलगी भेटले तर मुलाची तिप्पट वजा मुलीची दुप्पट: २६१ वजा १२२, १३९, त्यातून ९७ गेले, ४२. आई आणि मुलगी: आईची तिप्पट वजा मुलीचा हिस्सा, भागिले दोन. ४८ वजा ६१, उणे १३, घड्याळावर ८४, निम्मे ४२. तिन्ही जोड्यांना एकच उत्तर.

घड्याळ कशाला मध्ये आणलं, असं वाटलं असेल. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. घड्याळ नसतं तर मुलाच्या चिठ्ठीवर सरळ १८४ असता. मुलगा हुशार आहे. तो म्हणेल, १८४ म्हणजे गुपित अधिक उताराची दुप्पट. दुप्पट नेहमी सम. १८४ सम. म्हणजे गुपित सम! एका झटक्यात निम्म्या शक्यता बाद. शिवाय उतार उणे नसेल तर गुपित १८४ पेक्षा मोठं नाही, हेही कळलं. घड्याळावर हे दोन्ही बंद. ९७ ला एक आणि स्वतः सोडून कुणी भागत नाही, त्यामुळे त्या घड्याळावर शून्य सोडून कुठल्याही आकड्याने भागाकार नेहमी जमतो, आणि सम-विषम या शब्दांना अर्थच उरत नाही. मुलाने ८७ घेऊन गुपित ० धरलं तर एक उतार जमतो, १ धरलं तर दुसरा, ९६ धरलं तर आणखी वेगळा. ९७ च्या ९७ शक्यता, सगळ्या सारख्याच. हे 'फोडायला अवघड' नाहीये. जगातले सगळे कॉम्प्युटर आणून बसवले तरी त्या चिठ्ठीत माहितीच नाही, तर काढणार काय? खऱ्या वापरात ९७ च्या जागी काही डझन अंकांची मूळ संख्या असते, एवढाच फरक.

दोनाऐवजी तीन जण लागावेत असं हवं असेल तर सरळ दोरी सोडून वाकडी रेघ घ्यायची, फेकलेला चेंडू जशी काढतो तशी. ती ठरायला तीन बिंदू लागतात. चार जण हवेत तर आणखी एक वळण. हिस्से मात्र हवे तितके काढा.

ही रीत अदी शमीर यांची. आरएसए मधला 'एस' म्हणजे हेच. १९७९ साली त्यांनी 'हाऊ टू शेअर अ सिक्रेट' हा लेख लिहिला, जेमतेम दोन पानांचा. त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज ब्लेकली यांनी रेघेऐवजी एकमेकांना छेदणारी प्रतलं घेऊन तेच काम स्वतंत्रपणे करून दाखवलं. शमीर यांनी सुरुवातीला एक जुनं कोडं दिलंय: अकरा शास्त्रज्ञ, एक कपाट, सहा जण जमले तरच उघडावं. खरी कुलपं लावायची तर किती? उत्तर ४६२ कुलपं, आणि प्रत्येकाच्या कमरेला २५२ किल्ल्या. शमीर यांच्या रीतीत प्रत्येकाला एक आकडा. त्याच लेखात त्यांनी आणखी एक मजा सांगितली: कंपनीत अध्यक्षाला तीन हिस्से द्या, उपाध्यक्षाला दोन, बाकी अधिकाऱ्यांना एक, आणि गणपूर्ती तीनची ठेवा. अध्यक्ष एकटा सही करू शकतो, उपाध्यक्षाला एक जोडीदार लागतो, बाकीच्यांना तिघं जमावं लागतं. मानपान सांभाळणारं गणित, आपल्या सहकारी संस्थांना लगेच कळेल असं.

याच कामाची तिसरी एक रीत आहे, ती आपल्याला जवळची. १९८३ मध्ये अस्मुथ आणि ब्लूम यांनी रेघा सोडून बाकीचा वापर केला, म्हणजे भागाकारातली बाकी. एका मोठ्या संख्येला वेगवेगळ्या भाजकांनी भागायचं, प्रत्येकाला एकेक बाकी द्यायची. पुरेशा बाक्या जमल्या की मूळ संख्या परत मिळते. बाक्यांवरून संख्या शोधायची ही कला आर्यभटाने दिली, तिला कुट्टक म्हणतात, आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टकावर वेगळं प्रकरणच आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. तिकडे गेलात तर बघून या. त्या काळी गुपितं वाटत नव्हते, ग्रहांचे हिशेब करत होते, त्यामुळे 'आपल्याकडे हे आधीच होतं' असं मी म्हणणार नाही. पण हत्यार तेच.

आता भानगडीकडे येऊ. या गणिताने दोन गोष्टी गृहीत धरल्यात, आणि दोन्ही माणसांबद्दल आहेत.

पहिलं, येणारा माणूस खरी चिठ्ठी आणेल. समजा मुलगा आणि मुलगी भेटले आणि मुलीने ६१ ऐवजी ६२ सांगितला. हिशेब: २६१ वजा १२४, १३७, घड्याळावर ४०. मुलगा ४० घेऊन घरी गेला, त्याला शंकाही नाही. मुलीला मात्र माहीत आहे की आपण एकाने वाढवून सांगितलं, त्यामुळे उत्तर दोनाने कमी आलंय. ४० अधिक २. गुपित आता तिच्या एकटीकडे. मार्टिन टॉम्पा आणि हीदर वोल यांनी १९८० च्या दशकात ही चोरी दाखवून दिली. तिथे आईपण असती तर? आई-मुलगा जोडीतून ४२ येतं, मुलगा-मुलगी ४०, आई-मुलगी ९०. तीन जोड्या, तीन उत्तरं. कुणीतरी खोटं बोलतंय हे कळलं, पण कोण ते नाही कळलं. पॉल फेल्डमन यांनी १९८७ मध्ये यावर उपाय दिला: वाटणी करतानाच प्रत्येक हिस्स्याचा असा जाहीर ठसा ठेवायचा की चिठ्ठी खरी की खोटी हे तपासता येतं, पण ठशावरून चिठ्ठी काढणं व्यवहारात जमत नाही.

दुसरं गृहीतक जास्त महत्त्वाचं. चिठ्ठ्या जमल्या, बेरीज-वजाबाकी झाली, ४२ आलं. कुठे आलं? कुणाच्या तरी कागदावर, कुणाच्या तरी लॅपटॉपवर. त्या क्षणी वाटणी संपली. गुपित पुन्हा अखंड, पुन्हा एकाच जागी, आणि तो लॅपटॉप ज्याचा, गुपित त्याचं. चोर शहाणा असेल तर तो तीन घरं फोडत बसणार नाही, तो जोडणीच्या टेबलाशी थांबेल. म्हणून मघाशी एटीएमचं कीपॅड लक्षात ठेवा म्हटलं. तिथे जोडणी अशा डबीत होते जिच्यात कुणाला डोकावता येत नाही.

हे जगात सगळ्यात गंभीरपणे कुठे पाळतात, तर इंटरनेटच्या नावांच्या मूळ किल्लीसाठी. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, तेव्हा त्याचं खरं उत्तर आलं की बनावट हे तपासायची एक साखळी आहे, आणि तिच्या टोकाला एकच किल्ली. २०१० साली अमेरिकेत ती तयार झाली, तेव्हा तिच्या जादा प्रतीला उघडणारी गुप्त संख्या सात हिस्स्यांत वाटली आणि सात वेगवेगळ्या देशांतल्या सात माणसांना दिली. पाच जमले तर ती उघडते. सगळं नष्ट झालं तरच ही वेळ यायची. रोजच्या कामाला किल्ली एका सीलबंद यंत्रातच राहते, ते यंत्र तिजोरीत, आणि तो सगळा विधी कॅमेऱ्यासमोर, जगाला बघता येईल असा होतो. विधी म्हणजे खरंच विधी, पायरी पायरी वाचून. आणि तरी फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या ठिकाणी एका तिजोरीचं कुलूपच अडलं. गणित ठीक, माणसं हजर, आणि शेवटी कुलूपवाल्याला बोलावून ड्रिलने भोक पाडावं लागलं. मला ही बातमी फार आवडते.

आता वझीरएक्स. तिथे शमीरची वाटणी नव्हती, तिचं चुलत भावंडं होतं. एक किल्ली सहा जणांत वाटलेली नाही, तर सहा जणांच्या सहा वेगळ्या किल्ल्या, आणि पाकिटालाच सांगून ठेवलेलं की चार सह्या दिसल्याशिवाय हलायचं नाही. याचा फायदा असा की जोडणीचं टेबलच नाही. कुठल्याही क्षणी अख्खी किल्ली कुणाच्या लॅपटॉपवर येत नाही. म्हणजे आत्ताच मी ज्या भोकाबद्दल बोललो, ते इथे बुजवलेलं होतं.

मग? सह्या खऱ्या होत्या. खऱ्या माणसांनी, खऱ्या किल्ल्यांनी केलेल्या. फक्त ते सही कशावर करत होते ते वेगळं होतं. पडद्यावर रोजच्यासारखा व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात ज्या मजकुरावर सह्या झाल्या, त्याने पाकिटाचे नियमच बदलले. पाकिट चालवणारा प्रोग्राम काढून त्या जागी चोराचा प्रोग्राम बसला. तो एकदा बसल्यावर पुढच्या पैशाला चार काय, एकाही सहीची गरज उरली नाही. दाखवलं एक आणि सही घेतली दुसऱ्यावर, हे वझीरएक्सनेही सांगितलं. दोष कुणाच्या बाजूचा यावर वझीरएक्स आणि लिमिनल यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने मिळून या चोरीचं खापर उत्तर कोरियाच्या हॅकरांवर फोडलं.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर चार पंच आणले, चौघांनी अंगठे दिले, आणि कागद वाचून दाखवणारा एकच होता. त्याने वाचलं 'बैल विकला', कागदावर होतं 'शेत विकलं'. चाराच्या जागी चाळीस पंच आणले असते तरी तेच झालं असतं, कारण चाळीस जणांनीही त्याच एकाच्या तोंडून ऐकलं असतं. तर ज्या श्रोत्याने विचारलं त्याला उत्तर असं: चोराला चौघांना गाठावं लागलं नाही. चौघं जिथे बघतात ती जागा त्याला पुरली. अशी किल्ल्यांची छोटी यंत्रं मिळतात, त्यांच्या पडद्यावर अशा व्यवहाराच्या वेळी बहुतेकदा आकड्या-अक्षरांची एक लांब माळ दिसते. ती वाचून माणसाला काही उमगत नाही, तो 'हो' दाबतो. आणि हे एकदा घडून थांबलं नाही. सात महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बायबिट या परदेशी एक्सचेंजचे दीड अब्ज डॉलर जवळपास याच युक्तीने गेले.

म्हणून कुणी 'आमच्याकडे इतक्या सह्या लागतात' असं छातीठोक सांगितलं, की मी आधी विचारतो, सही करणारे वेगवेगळ्या ठिकाणी बघून सही करतात की एकाच पडद्यावर? किती जण, याचं उत्तर गणित देतं. काय बघून, याचं देत नाही.

शेवटी घरचं. या विषयावर बोललं की लोक विचारतात, मग मीपण माझे पासवर्ड असे वाटू का? बँकेचे पैसे, एफडी, पोस्ट, यांना ही वाटणी लागत नाही, तिथे नॉमिनी लावा. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनीपर्यंत लावता येतात. शमीरची वाटणी तिथे, जिथे दाद मागायला काउंटरच नाही. क्रिप्टो पाकिटाचे बारा किंवा चोवीस शब्द, पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपचा मुख्य पासवर्ड, घरच्या सगळ्या फोटो-कागदपत्रांचा कुलूपबंद बॅकअप.

आणि तिथेही ते लगड कापण्याचं काम करू नका, जे नेटवर सर्रास सुचवतात: बारा शब्द आहेत, तिघांना आठ-आठ असे द्या की कुठल्याही दोघांचे मिळून बारा व्हावेत. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण आठ शब्द असलेल्याला उरलेले चार शोधायचेत. शब्दांची यादी २०४८ ची. पडताळणीचे आकडे धरून शक्यता उरतात साधारण १ लाख १० हजार कोटी. माणसाला खूप, यंत्राला नाही. २०२० मध्ये एका जाहीर स्पर्धेत एकेक शब्द उघड केला जात होता. जॉन कँट्रेल नावाच्या प्रोग्रामरने आठ शब्द कळल्यावर पुढची वाटच पाहिली नाही, भाड्याने घेतलेल्या ग्राफिक्स कार्डांवर उरलेले चार हुडकले आणि बक्षिसाचा बिटकॉइन उचलला. खरी वाटणी करणारी सोय आता काही पाकिटांत तयार मिळते, एसएलआयपी-३९ या नावाने, ती वापरा. 'इथे तुमचं गुपित टाका, आम्ही वाटून देतो' अशा कुठल्याही वेबसाइटवर मात्र टाकू नका. तेच जोडणीचं टेबल, फक्त दुसऱ्याच्या घरात.

तीनमध्ये दोन पुरेत, घरासाठी. पाचात तीन केलं की सहा महिन्यांत कुणाकडे काय आहे ते कुणालाच आठवत नाही. चिठ्ठ्या तीन वेगळ्या घरांत ठेवा. तिन्ही एकाच कपाटात, एकाच साडीच्या घडीत असतील तर ती वाटणी नाही. व्हॉट्सॲपवर पाठवू नका, पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तिन्ही एकत्र राहतात. चिठ्ठीवर गुपित कशाचं ते लिहू नका, पण 'अशा आणखी दोन आहेत, कुठल्याही दोन लागतात, अमुक प्रोग्रामने जोडा' हे लिहा. नाहीतर पंधरा वर्षांनी मुलाला एक चिठ्ठी सापडेल, तिच्यावर ८७, आणि तो लॉटरीचा आकडा समजून फेकून देईल.

आणि घरातलं माणूस गेलं, वेगळं निघालं, कुणाशी बोलणं तुटलं, तर वाटणी नव्याने करता येते, गुपित न बदलता. आपल्या ४२ लाच नवा उतार घ्या, समजा ३०. नवे हिस्से ७२, ५ आणि ३५. आता आईची जुनी चिठ्ठी १६ आणि मुलाची नवी ५ जोडून बघा: ३२ वजा ५, सत्तावीस. उत्तर येतं, पण चुकीचं. जुनी-नवी एकमेकींत मिसळत नाहीत. मात्र दोन जुन्या एकत्र आल्या तर त्या अजूनही ४२ च सांगणार, त्यामुळे जुन्या परत घेऊन जाळा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय तो चिठ्ठी परत देईलच असं नाही, म्हणून निदान बाकी दोघांच्या जुन्या तरी नक्की जाळा, म्हणजे त्याची एकटी कामाची राहत नाही. आणि प्रत्येक चिठ्ठीवर तारीख टाका.

पुढच्या भागात किल्ली कधीच न जोडता, हिस्स्यांनीच सही कशी उमटवतात ते घेऊ. तोवर पंखा लावतो.